बाळाची कार सीट बसवायला शिकवून पैसे कसे मिळवायचे: सातारा-सांगलीत सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर मी 'कार सीट फिटिंग' असं छापलं होतं. आठवड्याभरात सात फोन आले. सहा रेक्झिनच्या कव्हरसाठी होते आणि सातवा मामेभावाचा, चेष्टा करायला. आपल्याकडे 'कार सीट' म्हटलं की लोकांना कव्हरच आठवतं. त्यामुळे कार्डावर 'बाळाची कार सीट', म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायची आणि बाळाला पट्ट्यांनी धरून ठेवणारी वेगळी छोटी सीट, असं सरळ लिहा, आणि कार्ड छापायच्या आधी हे वाचा.

मी साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं अमेरिकेत होते. व्हिसामुळे तिथे पगारी काम करता येत नव्हतं, म्हणून एका हॉस्पिटलमध्ये विनामोबदला मदतीला जायचे. हे काम तिथेच शिकले. परत आल्यावर इथे सुरू केलं, आणि पहिल्या तीन महिन्यांत एकूण अकरा गिऱ्हाइकं मिळाली. घर चालेल एवढं हे काम देत नाही, हे आधीच सांगते. पण तुमचं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान असेल, तुम्ही नर्स असाल, किंवा मुलं शाळेत गेल्यावर दुपार मोकळी असेल, तर जोडधंदा म्हणून चांगलं आहे.

१. विकायचं काय, ते आधी ठरवा

शाहूपुरीतल्या एका घरी मी सीट बसवली होती. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीतल्या पक्क्या कड्यांना सीट अडकवणारे, दोन्ही खटके टक् टक् लागले, दोन्ही खुणा हिरव्या झाल्या, सीटच्या माथ्यामागून गाडीतल्या कडीला अडकवायचा वरचा पट्टा ताणला. मी खूश, घरचेही खूश. तीन आठवड्यांनी त्याच इमारतीत दुसऱ्या कामाला गेले होते, म्हणून पार्किंगमध्ये सहज काचेतून डोकावले. सीट एकाच खटक्यावर होती. एक खूण हिरवी, दुसरी लाल, आणि वरचा पट्टा डिकीत लोळत होता. गाडी धुताना वॉशिंग सेंटरच्या पोराने सीट काढून परत नुसती टेकवली होती. घरातल्यांच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. सीट डगमगते हे सुनेला दिसत होतं. पण आजोबांनी बजावलं होतं, "मॅडमनी बसवलीय, कुणी हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून मी सीट बसवून देत नाही. आई-वडिलांनी बसवायची, मी हात मागे बांधून शेजारी उभी राहते. चुकलं की सांगते, मग ते काढतात आणि परत बसवतात. अमेरिकेतल्या कोर्समध्ये हेच शिकवलं होतं. पण इथे पैसे घेतले की आपलेच हात पुढे जातात, आणि गिऱ्हाईकही म्हणतं, "ताई, तुम्हीच करा ना, पैसे देतोय की." तेव्हा फोनवरच सांगून टाका, की पैसे शिकवण्याचे आहेत.

२. सर्टिफिकेटचा गोंधळ

अमेरिकेत हे काम करणाऱ्या माणसाला 'चाइल्ड पॅसेंजर सेफ्टी टेक्निशियन' म्हणतात. अभ्यासक्रम तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा आहे आणि सर्टिफिकेट 'सेफ किड्स वर्ल्डवाइड' ही संस्था देते. काही दिवस वर्गात आणि गाड्यांवर शिक्षण, चाचण्या, आणि शेवटी खऱ्या पालकांच्या खऱ्या गाड्यांवर तपासणी शिबिर. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. पुढे टिकवायचं तर पाच सीटांवरचं काम प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावं लागतं, शिवाय सहा तासांचं नवं शिक्षण आणि एखाद्या सार्वजनिक शिबिरात हजेरी. गंमत म्हणजे तिथे ही तपासणी हॉस्पिटलात किंवा अग्निशमन केंद्रात बहुतेक फुकट होते.

माझं सर्टिफिकेट परत आल्यावर संपलं, आणि विचारणाऱ्याला मी तसंच सांगते. आपल्याकडे या कामाला सरकारी परीक्षा नाही आणि परवानाही नाही. म्हणून दोन सापळ्यांत अडकू नका. एक, पाटीवर 'सरकारमान्य' लिहू नका. दोन, घरबसल्या दोन तासांत मिळणाऱ्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका. हे काम गुडघे टेकून, सीटच्या फटीत बोटं सोलवटून शिकायचं आहे. त्यापेक्षा नातेवाईक आणि शेजारी गाठा, वीस वेगवेगळ्या गाड्यांत दोन-तीन प्रकारच्या सीट बसवून पाहा आणि प्रत्येक गाडीची नोंद वहीत करा. सीटचं आणि गाडीचं, अशी दोन्ही माहितीपुस्तकं कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. दोन्ही वाचायची. गाडीचं पुस्तक कुणीच वाचत नाही, आणि अर्धी उत्तरं त्यातच असतात.

३. कायदा, थोडक्यात

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसुरक्षा सीट न लावता गाडी चालवली तर १,००० रुपये दंड. दुचाकीचा नियम वेगळा आहे, आणि लोक हमखास विचारतात: ४ वर्षांखालच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

पण दंडाच्या भीतीने कुणी सीट घेत नाही. हजार रुपयांवर लोक खांदे उडवतात. खरा अडसर आजीची मांडी असतो. "माझ्या हातात आहे की, सोडते होय मी त्याला?" या प्रश्नावर मी एक हिशेब सांगते. गाडी ताशी ५० किलोमीटरने जातेय आणि धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरा. तेवढ्या क्षणापुरतं १० किलोचं बाळ हाताला सुमारे २०० किलोचं लागतं. म्हणजे साखरेची चार पोती. आजी, चार पोती धराल? आपल्या भागात ही उपमा लगेच पोचते. आजोबांना तर अजून लवकर.

४. सीट वाचायला शिका

सीटच्या अंगावर नारिंगी लेबल असतं. त्यावर गोलात 'ई' अक्षर आणि देशाचा आकडा असला, तर ती युरोपच्या नियमांत बसणारी. 'आर ४४' लिहिलं असेल तर वजनाचे गट पाहायचे: गट ० म्हणजे १० किलोपर्यंत, ०+ म्हणजे १३ किलोपर्यंत, १ म्हणजे ९ ते १८, २ म्हणजे १५ ते २५ आणि ३ म्हणजे २२ ते ३६ किलो. नव्या 'आर १२९' मध्ये उंची पाहतात, आणि त्यात १५ महिन्यांपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसलं पाहिजे. आपलं भारतीय मानक 'एआयएस ०७२'. यांपैकी एकही खूण नसलेली, नुसत्या फोमची आणि कापडी पट्ट्यांची 'सीट' ऑनलाइन स्वस्तात मिळते. ती समोर आली की स्पष्ट सांगा की ही गादी आहे, आणि पैसे न घेता परत या. एक गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. बाळ उचलून न्यायच्या साध्या कॅरी कॉटचंही तसंच.

तोंड मागे का, हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. धडकेत मागे तोंड असलं तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीवर टेकतं. पुढे तोंड असलं तर अंग पट्ट्यांत अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. "पाय दुमडतात, दुखतील," असं आई म्हणतेच. घरात पोरगं दिवसभर मांडी घालूनच बसतं ना, एवढं म्हटलं की पुरतं.

पट्ट्यांचे नियम पाठ हवेत. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, पुढे तोंड असेल तर रेषेत किंवा किंचित वरून. ताण बघायला खांद्यावरचा पट्टा उभा चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. सीट घट्ट आहे का, हे बेल्ट किंवा आयसोफिक्स जिथे जोडलंय तिथे धरून हलवून बघतात. तिथे एक इंचाहून जास्त हलता कामा नये. सीटचा माथा धरून हलवाल तर चांगली बसलेली सीटही डुलते, आणि पालक उगाच घाबरतात.

डिसेंबरात महाबळेश्वरला निघालेल्या मंडळींना हे आवर्जून सांगा: फुगीर जॅकेटवर पट्टे आवळायचे नाहीत. जॅकेटमधली हवा धडकेत दबते आणि पट्टे सैल पडतात. आधी पट्टे, मग वरून शाल.

५. गाडी वाचायला शिका

निम्मा वेळ इथेच जातो. मी ज्या अडचणींत सापडले त्या सांगते.

सीट कव्हर हा आपल्या भागातला पहिला शत्रू. नवी गाडी शोरूममधून निघाली की थेट कव्हरवाल्याकडे जाते. तो जाड कव्हर इतकं घट्ट चढवतो की आयसोफिक्सच्या कड्या आत गाडल्या जातात आणि मागच्या बेल्टची बकलं कव्हरखाली दडपली जातात. एका घरी चार वर्षं जुन्या गाडीत मागचं मधलं बकल पहिल्यांदा उजेडात आलं. त्यावर शोरूमचं प्लास्टिक तसंच होतं. कव्हर कापायला लागलं तर मालकाची परवानगी घ्या आणि ब्लेड त्याच्याच हातात द्या.

आयसोफिक्सच्या दोन कड्या एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर, मागच्या सीटची पाठ आणि बैठक जुळते त्या फटीत असतात. त्या सहसा दोन्ही कडेच्या जागांनाच असतात. मधल्या जागेत बसवायला एका सीटची डावी आणि दुसऱ्या सीटची उजवी कडी वापरायची युक्ती लोक करतात. गाडीच्या पुस्तकात तशी परवानगी नसेल तर करू देऊ नका. नुसत्या दोन खटक्यांवरही थांबू नका. सीट पुढे कलंडू नये म्हणून वरचा पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा पाय, यांपैकी सीटला जे दिलंय ते लावायचंच. वरच्या पट्ट्याची कडी नेमकी कुठे आहे हेही पुस्तकातच बघा. डिकीतल्या सामान बांधायच्या कडीला तो पट्टा अडकवलेला मी पाहिलाय.

जुन्या गाडीत आयसोफिक्स नसेल तर बेल्टने बसणारी सीट चालते, पण बेल्टची लांबी आधी तपासा. नुसता पोटावरचा बेल्ट असलेल्या मधल्या जागेवर बूस्टर (मोठ्या मुलाला उंच करून गाडीचाच बेल्ट लावायची बैठक) चालत नाही, त्याला खांद्यावरचा पट्टा हवाच. जुन्या बोलेरोसारख्या गाड्यांत मागे आडव्या, समोरासमोरच्या बैठका असतात. तिथे कुठलीही सीट बसवायची नाही, अगदी "गावातल्या गावात" म्हटलं तरी. आणि पुढच्या जागेत, चालू एअरबॅगसमोर, मागे तोंड असलेली सीट कधीच नाही.

मग येते अमेरिकेतून आणलेली सीट. मुलगा-सून सुट्टीला येताना घेऊन येतात, आणि आजोबांच्या गाडीत ती बसता बसत नाही. तिकडच्या बेल्टला एक सोय असते: पूर्ण बाहेर ओढून सोडला की कट कट करत आत जातो आणि परत बाहेर येत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट फक्त झटका बसला तरच अडकतात. म्हणून अशी सीट बेल्टने बसवली की तासाभरात ढिली पडते. गाडीचा बेल्ट घट्ट पकडून ठेवणारा खटका त्या सीटवरच दिलाय का ते बघा, नसेल तर आयसोफिक्सच्या कड्यांना तिचे हुक लावा. पण वजनाची मर्यादा पाहून. अमेरिकी नियमात मूल आणि सीट मिळून ६५ पौंड, म्हणजे साधारण २९.५ किलो. युरोपच्या आर १२९ मध्ये मिळून ३३ किलो.

आणखी एक लहान गोष्ट. बेल्टची पिपाणी बंद करायला बकलात खोचायची चपटी क्लिप दिसली तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकायला बंदी केली होती. तरी दर दोन-चार गाड्यांत एक सापडतेच.

६. पिशवीत काय हवं

- छोटी बॅटरी, शक्यतो डोक्याला लावायची.
- मोजपट्टी आणि वजनकाटा. "बारा किलो असेल" यावर विश्वास ठेवू नका.
- दोन जुने टॉवेल. तान्ह्या बाळाच्या सीटचा कोन सीटच्या पुस्तकात परवानगी असेल तरच गुंडाळलेल्या टॉवेलने साधायचा.
- गुडघ्याखाली घ्यायला योगाच्या चटईचा तुकडा.
- बाहुली. माझ्या बाहुलीच्या पोटात चार किलो तांदळाची पुरचुंडी शिवलेली आहे. बाळ झोपलेलं असलं किंवा अजून जन्मायचं असलं की हिच्यावर सराव. मुंबईच्या एका विहिणबाईंनी तिला दृष्ट काढायची बाहुली समजून हात लावला नव्हता.
- नोंदवही आणि सहीचा कागद.

तेलाची बाटली नको. बकल घट्ट झालं म्हणून एका घरी शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. बकलात खाऊचा चुरा अडकलेला असतो. सीटच्या पुस्तकात सांगितलंय तसं ते साध्या पाण्याने धुवायचं, तेल कधीच नाही. पट्टेही मशीनमध्ये टाकायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे.

७. कागदपत्रं

इथे फार डोकेफोड नाही.

- आधार, पॅन, धंद्यासाठी वेगळं बँक खातं.
- उद्यम नोंदणी. ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून सावध.
- दुकान कायदा. एकट्यादुकट्याच्या धंद्याला परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती बँकेत चालू खातं उघडताना उपयोगी पडते.
- जीएसटी. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. या कामात तिथवर पोचलात तर मला जेवायला बोलवा.

सहीच्या कागदावर गाडी, सीटचं मॉडेल, बनवल्याची तारीख, मुलाचं वजन-उंची आणि 'सीट आम्ही स्वतः बसवली, आम्हाला समजलं' एवढं हवं. 'सुरक्षिततेची हमी' हे शब्द कुठेही लिहू नका, बोलूही नका. हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि ग्राहक कायदा सेवेलाही लागू आहे.

८. दर आणि भाड्याची सीट

मी सातारा शहरात एका भेटीचे ६०० रुपये घेते, तासभर लागतो. वाई, कोरेगाव, कराडला ९००, पण तिथे एका दिवसात किमान दोन घरं असतील तरच निघते. कराडला एकाच घरासाठी गेलात तर पैसे पेट्रोलमध्येच जातात. सांगली-मिरजेला महिन्यातून एक शनिवार, चार नावं जमली की. सुरुवातीला मी ओळखीत फुकट करायचे, ते करू नका. फुकट शिकवलेलं लोक लक्ष देऊन ऐकत नाहीत. ओळखीत अर्धे घ्या, पण घ्या.

खरे पैसे मला भाड्याच्या सीटने दिले. परदेशातून नातवंडं येतात, पंधरा-वीस दिवसांसाठी कुणी नवी सीट घेत नाही. जून-जुलैत आणि डिसेंबरात मागणी असते, गणपतीतही थोडी. मी आठवड्याला १,००० रुपये आणि ३,००० अनामत घेते, शिकवणं त्यातच. पण सीट स्वतः नवी विकत घेतलेली पाहिजे. जुन्या बाजारातली सीट अपघातातून गेली आहे का, हे बघून कळत नाही, म्हणून कितीही स्वस्त मिळाली तरी नाही. सीटला कंपनीने ठरवलेली मुदत असते, ती लेबलवर किंवा पुस्तकात पाहा. परत आलेली सीट आधी उन्हात उघडून प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक शिवण बघायची. गाडीला अपघात झाला असेल तर ती सीट पुन्हा भाड्याने जात नाही, अनामत परत द्यायची की नाही हे आधीच लिहून ठेवा. माझी एक सीट असल्या वादात गेली. कागदावर काही नव्हतं, म्हणून गप्प बसले.

९. गिऱ्हाईक कुठून येतं

बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतिगृहं. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. डॉक्टरांना टक्केवारी देऊ नका, कट प्रॅक्टिसचा वास आला की चांगले डॉक्टर दार बंद करतात. त्यांच्या नर्ससाठी अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक फुकट करा, हे मात्र चालतं. घरी सोडताना बाळ कुणाच्या हातात बसून जातंय हे नर्सलाच दिसतं.

पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याच्या आधी शोरूमला भेटा. नव्या गाडीच्या उत्साहात लोक ऐकून घेतात. भारत एनसीएपीची, म्हणजे गाडी धडकवून तिला सुरक्षेचे तारे देणारी, चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, म्हणून सेल्समन तारे सांगतात. तुम्ही त्याला पुढची माहिती द्या: त्या चाचणीत मुलांच्या सुरक्षेच्या ४९ गुणांपैकी १२ गुण गाडीत सीट नीट बसते का यालाच असतात. आणि कव्हरवाल्याशी भांडू नका. माझा आता एक ठरलेला कव्हरवाला आहे, तो कड्यांच्या जागी चिरा ठेवून शिवतो आणि महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकं पाठवतो.

१०. तीन आठवड्यांनी फोन

नोंदवहीत पुढची तारीख आजच लिहून ठेवा. त्या दिवशी फोन करून सीट कशी आहे असं विचारू नका, सगळे "एकदम छान" म्हणतात. विचारायचं एवढंच: मधल्या काळात गाडी धुतली का?